संशयाची चांदणी कुणाच्या नावापुढे?

जयंतीच्या आठवड्यात आमच्या अभ्यासवर्गात आम्ही दरवर्षी एक चित्रपट दाखवतो. एका वर्षी ‘४२’ दाखवला, जॅकी रॉबिन्सनवरचा. निवडीमागे तारखेचाही मोह होता. १४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ एप्रिल १९४७ रोजी, रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधली साठ वर्षांची वर्णबंदी मोडली. आज दर १५ एप्रिलला तिथला प्रत्येक खेळाडू पाठीवर रॉबिन्सनचा ४२ हा आकडा घालून खेळतो.

चित्रपट संपला आणि इतका वेळ मागे मोबाईलवर काहीतरी शोधत बसलेला एक मुलगा उठला. “ताई, या खेळात सगळ्यात जास्त होमरन मारणारा माणूसही काळाच आहे. बॅरी बॉन्ड्स. मग रॉबिन्सन हिरो आणि बॉन्ड्स चोर, असं कसं?”

मी म्हटले, त्याने स्टेरॉइड घेतले असा आरोप आहे म्हणून. उत्तर चूक नव्हते, पण अर्धे होते. मुलाच्या चेहऱ्यावरूनच ते कळले. उरलेल्या अर्ध्यासाठी मला बरेच वाचावे लागले.

आपल्याकडे बेसबॉल कुणी पाहत नाही, म्हणून आधी थोडी ओळख. होमरन म्हणजे ढोबळमानाने आपला षटकार. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. एका हंगामातल्या होमरनचा विक्रम बेब रूथचा होता, ६०. तो १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने मोडला, ६१. तो ६१ चा आकडा पुढे सदतीस वर्षे कुणाला ओलांडता आला नाही. कारकिर्दीतल्या एकूण होमरनचा विक्रमही रूथचाच, ७१४. तो १९७४ मध्ये हँक आरन या काळ्या खेळाडूने मोडला आणि ७५५ पर्यंत नेला. या आकड्यांना तिकडे जवळजवळ धर्मग्रंथाचे मोल आहे. म्हणूनच आकड्यांवर डाग पडला की देशभर आरडाओरड होते.

आता १९९४. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात वेतनमर्यादेवरून वाद पेटला आणि ऑगस्टमध्ये खेळाडू संपावर गेले. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९०४ नंतर असे प्रथमच घडत होते. प्रेक्षक संतापले, पुढच्या हंगामात स्टेडियम ओस पडू लागली. मालकांना गर्दी परत हवी होती आणि ती १९९८ च्या उन्हाळ्याने आणून दिली. सेंट लुईसचा गोरा, दणकट मार्क मॅग्वायर आणि शिकागोचा डॉमिनिकन सॅमी सोसा यांच्यात मॅरिसचा विक्रम मोडण्याची शर्यत लागली. मॅग्वायरने ७० मारले, सोसाने ६६. त्या दोघांनी बेसबॉल वाचवला असे वर्तमानपत्रांनी लिहिले. मिसुरी राज्याने तर एका महामार्गाच्या तुकड्याला मॅग्वायरचे नाव दिले.

त्याच ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसच्या एका बातमीदाराला मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टीनडायोन नावाच्या औषधाची बाटली दिसली. शरीरात गेल्यावर या पदार्थाचे टेस्टोस्टेरॉन बनते, स्नायू वाढवण्यासाठी तो घेतला जाई. ऑलिम्पिकमध्ये त्यावर बंदी होती, अमेरिकन फुटबॉलमध्ये बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. दुकानात उघड मिळत होता. बातमी छापून आली तेव्हा राग निघाला तो बाटलीवर नाही, बातमीदारावर. दुसऱ्याच्या कपाटात कशाला डोकावतोस, उत्सवात विघ्न कशाला आणतोस, असा सूर होता.

म्हणजे संशयाला जागा १९९८ मध्येही होती, पुरावा डोळ्यांसमोर उभा होता. संशय घ्यायचा नाही असे ठरवले गेले, इतकेच. हे कुणी ठरवले?

स्टेरॉइड १९९० च्या कायद्याने अमेरिकेत नियंत्रित औषधांच्या यादीत गेले होते. १९९१ मध्ये लीगचे तेव्हाचे कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी सगळ्या संघांना पत्रक पाठवून ही औषधे निषिद्ध असल्याचे कळवले. पण चाचणी नाही, शिक्षेची यंत्रणा नाही. पत्रक निघाले आणि फायलीत गेले. सरकारी परिपत्रकांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चाचणी प्रथम झाली २००३ मध्ये, तीही निनावी, फक्त प्रमाण पाहण्यासाठी. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले, म्हणून २००४ पासून नियमित चाचणी आली. कायदा आणि चाचणी यांच्यात तेरा-चौदा वर्षांचे अंतर आहे आणि विक्रम, गर्दी, टीव्हीचे करार हे सगळे याच अंतरात झाले.

इथे मला खेळाडू संघटनेलाही सोडता येत नाही. चाचणीला वर्षानुवर्षे विरोध तिनेही केला. त्या विरोधामागे इतिहास आहे, तो समजून घेतला पाहिजे. १९६९ मध्ये कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूने, न विचारता दुसऱ्या संघाला विकले जाण्यास नकार दिला आणि आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही असे कमिशनरला लिहून कळवले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, त्याची कारकीर्द संपली. पण संघटनेने ती लढाई पुढे नेली आणि खेळाडूंना मोकळे केले. पुढे १९८५ ते १९८७ या काळात मालकांनी आपसात संगनमत करून खेळाडूंचे दर पाडले आणि पकडले गेल्यावर २८ कोटी डॉलर भरले. अशा मालकाच्या हाती आपले रक्त आणि लघवी का द्यायची, हा कामगाराचा प्रश्न चुकीचा नाही. पण याच संघटनेत असाही खेळाडू होता जो काहीच घेत नव्हता आणि शेजारचा फुगलेला माणूस आपली जागा खातोय हे पाहत होता. त्याची बाजू संघटनेने मांडली नाही.

आता बॉन्ड्स. १९९८ पूर्वीच तो तीन वेळा आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. स्वभावाने तिरसट, पत्रकारांना उभे न करणारा. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या दोन पत्रकारांनी २००६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचा दावा असा की मॅग्वायर आणि सोसा यांचे कौतुक पाहून तो पेटला आणि त्या मार्गाला लागला. २००१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने ७३ होमरन मारले. २००३ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या बाल्को या कंपनीवर छापा पडला. चाचणीत न सापडणारे एक खास स्टेरॉइड ही कंपनी खेळाडूंना पुरवत होती. ग्रँड ज्युरीसमोर बॉन्ड्सने सांगितले की प्रशिक्षकाने दिलेले थेंब आणि मलम मी वापरले, पण ते जवसाचे तेल आणि सांधेदुखीचे मलम आहे असे मला वाटत होते. २००७ मध्ये त्याच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला. २०११ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपांवर ज्युरीचे एकमत झाले नाही, फक्त न्यायात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला. तीही शिक्षा २०१५ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली.

जवसाच्या तेलाची गोष्ट मला स्वतःला पटत नाही. शरीरावर करोडोंची कमाई असलेला माणूस त्यात काय जाते ते विचारत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? काळा आहे म्हणून त्याला निर्दोष म्हणणे हा युक्तिवाद नाही, ती भावनिक सोय आहे आणि ती आपण घेऊ नये.

पण तरीही मुलाचा प्रश्न उरतोच. १९९८ चा उत्सव आणि २००७ चा तिरस्कार यांत एवढे अंतर का? ७ ऑगस्ट २००७ रोजी बॉन्ड्सने ७५६ वा होमरन मारून आरनला मागे टाकले. त्याआधी काही महिने झालेल्या एका जनमत चाचणीत जवळजवळ तीन चतुर्थांश काळ्या चाहत्यांना त्याने विक्रम करावा असे वाटत होते; गोऱ्या चाहत्यांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्याही खाली होते. एकच माणूस, एकच पुरावा आणि दोन समाजांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या. काळ्या अमेरिकेची आठवण जुनी आहे हे त्यामागचे एक कारण. आरन रूथच्या विक्रमाजवळ पोचला तेव्हा त्याला पोत्यांनी पत्रे आली. त्यांत शिवीगाळ होती, ठार मारण्याच्या धमक्या होत्या. १९७३ चा हंगाम ७१३ वर संपला आणि पुढचा अख्खा हिवाळा त्याने त्या धमक्यांखाली काढला. त्याच्यावर तर कोणत्याही स्टेरॉइडचा संशय नव्हता. गोऱ्या माणसाचा आकडा ओलांडणे हाच त्याचा गुन्हा होता. ती पत्रे आरनने जपून ठेवली होती.

७५६ व्या होमरनचा चेंडू एका फॅशन व्यावसायिकाने साडेसात लाख डॉलरला विकत घेतला आणि त्याचे काय करावे यावर इंटरनेटवर लोकांची मते मागवली. कौल निघाला : चांदणीची खूण डागून तो कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेम संग्रहालयाला द्यावा. पुस्तकात आकड्यापुढे चांदणी असली की त्याचा अर्थ, खाली टीप वाचा, हा आकडा पूर्ण खरा धरू नका. त्या चेंडूवर खरोखर चांदणी डागली गेली आणि २००८ मध्ये तो संग्रहालयात गेला.

डागणे हा शब्द आपल्याला साधा वाटत नाही. पण माझा मुद्दा शब्दाचा नाही, चांदणीचा आहे. चांदणी लावायचीच तर मोजणी कुठून सुरू करायची?

बेब रूथ १९३५ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या ७१४ होमरनपैकी एकही काळ्या पिचरच्या चेंडूवर मारलेला नाही, कारण काळ्या पिचरला त्या मैदानावर प्रवेशच नव्हता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा त्याच न्यूयॉर्क शहरात मेजर लीगचे सामने होत आणि संघांत एकही काळा खेळाडू नसे. सॅचेल पेज, जोश गिब्सन ही माणसे निग्रो लीगमध्ये खेळत होती. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी वारला, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी. २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले, तेव्हा कारकिर्दीतल्या सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा विक्रम टाय कॉबकडून गिब्सनकडे आला. सत्त्याहत्तर वर्षांनी. आणि रूथच्या ७१४ पुढे आजही चांदणी नाही. निम्म्या प्रतिस्पर्ध्यांना दाराबाहेर उभे करून केलेला विक्रम शुद्ध आणि सुई टोचून केलेला अशुद्ध, ही शुद्धतेची व्याख्या कुणाची?

‘खेळाची शुद्धता’ हा शब्द स्टेरॉइडच्या वादात सारखा येतो. शुद्धता म्हटले की आपले कान टवकारतात, त्याला आपला इतिहास कारण आहे. अमेरिकेत या शब्दाच्या मागे उभे असलेले चेहरे पाहा.

कॅप अ‍ॅन्सन हा शिकागोचा मोठा खेळाडू. १८८३ मध्ये टोलेडोत मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा खेळाडू समोर असेल तर आपण खेळणार नाही, असे त्याने धमकावले. तिकिटाचे पैसे बुडतील म्हटल्यावर मुकाट खेळला. १८८७ च्या जुलैत जॉर्ज स्टोव्ही या काळ्या पिचरबाबत पुन्हा तोच प्रकार झाला आणि या वेळी स्टोव्हीला बसावे लागले. त्याच महिन्यात इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी नव्या काळ्या खेळाडूंशी करार न करण्याचा निर्णय घेतला. मेजर लीगमध्ये तर असा नियम कागदावर कधीच नव्हता. सगळे आपसात ठरलेले. अ‍ॅन्सन हॉल ऑफ फेममध्ये आहे, १९३९ पासून.

केनेसॉ माउंटन लँडिस हा न्यायाधीश १९२० ते १९४४ कमिशनर होता. सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात त्याने शिकागोच्या आठ खेळाडूंना आयुष्यभरासाठी बाहेर काढले. खेळ शुद्ध करणारा म्हणून त्याची ख्याती. त्याच्या जवळजवळ पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत एकाही काळ्या खेळाडूला मेजर लीगमध्ये जागा मिळाली नाही. तोही हॉल ऑफ फेममध्ये, १९४४ पासून.

टॉम यॉकी हा बॉस्टन रेड सॉक्सचा मालक. १९४५ च्या एप्रिलमध्ये याच संघाने रॉबिन्सनची नावापुरती चाचणी घेऊन त्याला परत पाठवले आणि पहिला काळा खेळाडू मैदानात उतरवला १९५९ मध्ये, सगळ्या संघांत शेवटी. यॉकी १९८० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आता गंमत अशी की बॉन्ड्सला रोखताना याच हॉलचा एक नियम पुढे केला जातो. मतदान करणाऱ्या पत्रकारांनी खेळाबरोबरच खेळाडूचा प्रामाणिकपणा, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही पाहावे, असा तो नियम. चेंडूला गुपचूप चिकट पदार्थ लावून फेकणारा गेलॉर्ड पेरी, ज्याने त्या करामतीवर स्वतःच पुस्तक काढले, तो १९९१ मध्ये आत गेला. १८८९ मध्ये प्राण्यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेऊन खेळलेला पड गॅल्विन १९६५ पासून आत आहे. त्या अर्काचा खरा उपयोग काही नव्हता, पण इच्छा तर तीच होती. पन्नास-साठच्या दशकांपासून खेळाडू सर्रास अँफेटामिनच्या गोळ्या खाऊन उतरत. त्यांची चाचणी सुरू झाली २००६ मध्ये. त्या पिढीचे चारित्र्य कुणी तपासले नाही.

इथे कुणी मला थांबवेल आणि थांबवावेच. बॉन्ड्ससारखाच रॉजर क्लेमेन्स हा गोरा पिचर. २००७ च्या डिसेंबरमध्ये सिनेटर मिशेल यांच्या अहवालात नाव आले, त्याने नाकारले, खटला झाला, २०१२ मध्ये तो निर्दोष सुटला. त्यालाही हॉलने बाहेरच ठेवले. मॅग्वायरने २०१० मध्ये कबुली दिली आणि त्या महामार्गावरून त्याचे नाव उतरले. माइक पियाझा, जेफ बॅगवेल हे गोरे खेळाडू तर केवळ शरीरयष्टी पाहून संशयित ठरले. पियाझाच्या पाठीवरचे पुरळ हा एका पत्रकाराच्या लेखी पुरावा होता. दोघांना काही वर्षे ताटकळत ठेवून मग आत घेतले. उलट डेव्हिड ऑर्टिझ हा काळा डॉमिनिकन. २००३ च्या निनावी यादीत त्याचे नाव असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने छापले होते. तरी २०२२ मध्ये तो पहिल्याच प्रयत्नात निवडून आला. त्याच मतदानात बॉन्ड्सला ६६ टक्के मते पडली, ७५ लागतात. ते त्याचे दहावे आणि शेवटचे वर्ष होते.

तेव्हा सगळे रंगावर टाकून मोकळे होता येणार नाही. रंगाने तिरस्काराची धग ठरवली असे मी म्हणेन. पण आरोपी कोण आणि साक्षीदार कोण हे ठरवले ज्याच्या हाती संस्था होती त्याने. ऑर्टिझ लोकांचा लाडका होता आणि त्या जुन्या यादीतल्या चाचण्या तितक्या पक्क्या नव्हत्या असे २०१६ मध्ये खुद्द कमिशनरने सांगितले. बॉन्ड्ससाठी असे वाक्य कुणी उच्चारले नाही. संशयाचा फायदा ही वाटली जाणारी वस्तू आहे आणि वाटणारा हात वरचा असतो.

त्या वरच्या हाताचे नाव बड सेलिग. मिलवॉकी संघाचा मालक, १९९२ पासून हंगामी आणि १९९८ ते २०१५ पूर्ण कमिशनर. स्टेरॉइडचा सारा काळ त्याच्याच कारकिर्दीतला. लीगचे उत्पन्न या काळात सव्वा अब्ज डॉलरच्या आसपासवरून नऊ अब्जांपर्यंत गेले. मिशेल अहवालाने ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावे दिली. जबाबदारी कमिशनरपासून सगळ्यांचीच आहे असेही त्यात म्हटले आहे. पण लोकांना आठवतात ती खेळाडूंची नावे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये एका समितीने सेलिगची हॉल ऑफ फेमसाठी निवड केली. कॅन्सेको आणि मॅग्वायर ज्याच्या हाताखाली खेळले तो व्यवस्थापक टोनी ला रुसा त्याआधीच, २०१४ मध्ये, आत गेला होता.

आणि सगळ्यात खालच्या पायरीकडे कुणाचे लक्ष नाही. २००५ मध्ये नव्या नियमाखाली जाहीर शिक्षा झालेला मेजर लीगचा पहिला खेळाडू कोण? अ‍ॅलेक्स सांचेझ. क्यूबात जन्मलेला, हलक्या अंगाचा, धावून बेस चोरणारा, ज्याचे कारकिर्दीतले होमरन हाताच्या बोटांवर मोजावेत. डॉमिनिकन प्रजासत्ताक हा एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचा देश मेजर लीगला दर दहातला एक खेळाडू पुरवतो. सगळ्या संघांच्या अकादमी तिथे आहेत, सोळाव्या वर्षी करार होतो. त्याआधी मुलगा ‘बुस्कोन’च्या हाती असतो. हा मध्यस्थ त्याला शाळेतून काढतो, खाऊ घालतो, तयार करतो आणि कराराच्या रकमेतून मोठा वाटा घेतो. मुलगा जितका दणकट दिसेल तितकी किंमत. २००३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने तिथे जाऊन लिहिले की ही पोरे गुरांना टोचायची औषधे स्वतःला टोचून घेतात, कारण ती स्वस्त आणि सहज मिळतात. आमच्याकडे ऊसतोडीचा मुकादम उचल देऊन माणूस बांधतो, ते पाहिलेल्याला हा बुस्कोन ओळखीचा वाटेल. चाचणीत दोषी निघाला की शिक्षा मुलाला होते. मध्यस्थ पुढचा मुलगा शोधतो, अकादमी पुढची रांग लावते. या मुलांचे विक्रम नाहीत, म्हणून त्यांच्यावर पुस्तके नाहीत आणि चांदणीही नाही.

अभ्यासवर्गातल्या त्या मुलाने नंतर फोनवर मला विचारले, मग बॉन्ड्सला आत घ्यावे का? माझे मत, घ्यावे. पण पाटीवर ७६२ होमरनही लिहावेत आणि बाल्कोही लिहावे. सेलिगच्या पाटीवर चाचणीविना गेलेली वर्षे, अ‍ॅन्सनच्या पाटीवर वॉकर आणि स्टोव्ही, लँडिसच्या पाटीवर त्याने उघडू न दिलेले दार. हे अशक्य नाही. बॉस्टनच्या स्टेडियमबाहेरच्या रस्त्याला यॉकीचे नाव होते, ते २०१८ मध्ये काढले गेले. दरवर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या मानचिन्हावर लँडिसचे नाव कोरलेले असे. काळ्या विजेत्यांनी आवाज उठवल्यावर २०२० मध्ये पत्रकारांच्या संघटनेने तेही हटवले. तो मुलगा म्हणाला, “ताई, म्हणजे नाव काढता येतं, पण पाटी बदलत नाहीत.” कूपर्सटाउनमध्ये लँडिसची पाटी अजून भिंतीवर आहे.